रिपोर्ट हातात, डॉक्टरांची तारीख पुढच्या मंगळवारी: मधल्या दिवसांत तो कागद कसा वाचायचा

मी इंदूरला गेली बावीस वर्षं हृदयाच्या तपासण्यांच्या, म्हणजे ईसीजी आणि टीएमटीच्या (पट्ट्यावर चालवून करायची जांच) खोलीत काम करतेय. तारा लावणं, पट्टा चालू करणं, पेशंटच्या चेहऱ्याकडे बघत राहणं हे माझं काम, निदान सांगणं माझं काम नाही आणि इथेही मी ते करणार नाहीये. पण रोज बघते ना, लोक कागद घेऊन बाहेर येतात, जिन्यातच उभं राहून मोबाइलवर एकेक शब्द टाकून बघतात आणि खाली रिक्षात बसेपर्यंत हातपाय गार पडलेले असतात. मोठ्या डॉक्टरांची वेळ मिळते आठ-दहा दिवसांनी, आणि ते आठ-दहा दिवस अख्खं घर त्या एका कागदाभोवती बसलेलं असतं.

मागे लोकमान्य नगरातल्या एका मावशींचा रात्री साडेअकराला फोन आला. संध्याकाळी ईसीजी काढला होता, त्यावर मशीनने छापलं होतं, अँटिरियर इन्फार्क्ट, एज अनडिटरमाइन्ड. नातवाने अर्थ शोधून वाचून दाखवला. "म्हणजे मला अटॅक येऊन गेला का गं? आणि मला कळलंच नाही?" मी आधी एवढंच विचारलं की आत्ता या क्षणी छातीत काही होतंय का, घाम येतोय का, दम लागतोय का. काही नव्हतं. मग दुसरा प्रश्न विचारला, मावशी, घरात कुठे तुमचा जुना ईसीजी आहे का? त्याचं काय झालं ते शेवटी सांगते, कारण तोच मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

आधी हे की कोणत्या वेळी कागद वाचत बसायचंच नाही. छातीत दाब, आवळल्यासारखं, जळजळ, जबड्यात किंवा डाव्या हातात किंवा दोन्ही खांद्यांमध्ये दुखणं, गार घाम, अचानक दम, चक्कर येऊन पडणं, यातलं काही बसल्या जागी सुरू झालं आणि काही मिनिटांत थांबलं नाही, किंवा आधी चालल्यावर दुखायचं ते आता झोपेत दुखायला लागलंय, तर तारीख मंगळवारची असली तरी शुक्रवारी रात्रीच इमर्जन्सीला जायचं. १०८ ला फोन करा, स्वतः स्कूटर काढून जाऊ नका. बायकांना आणि शुगरवाल्यांना पुष्कळदा छातीत दुखतच नाही, नुसता थकवा, मळमळ, दम एवढंच होतं, आणि आपल्याकडे सकाळचे पोहे-जिलबी आणि रात्रीचा सराफा, म्हणजे इंदूरचा रात्रीचा खाऊबाजार, असल्यामुळे सगळं गॅसवर ढकलायची फार सवय आहे. गॅस असेल तर तिथे जाऊन कळेल, त्यात कुणाचं काही जात नाही. जिभेखालची गोळी डॉक्टरांनी तुमच्या पर्च्यावर लिहिली असेल तरच, आणि ती बसून घ्यायची, उभ्याने घेतली तर बीपी खाली जाऊन माणूस कोसळतो. शेजाऱ्यांची गोळी उचलून घ्यायची नाही.

आता हे काही होत नसेल तर निवांत बसा आणि प्रत्येक कागदावर पेनाने दोन गोष्टी लिहा. हा कधी काढला आणि का काढला. डॉक्टरांनी कुठल्या प्रश्नासाठी ही जांच सांगितली होती? कारण प्रत्येक जांच एका ठरावीक प्रश्नाचं उत्तर देते आणि लोक तिला भलताच प्रश्न विचारतात, सगळी भीती तिथून सुरू होते, आणि खोटा धीरही तिथूनच मिळतो.

ईसीजीचंच बघा. तो आहे दहा सेकंदांचा. त्या दहा सेकंदांत तुमच्या हृदयात वीज कशी फिरली एवढंच त्याला माहीत. नसा किती बंद आहेत हे त्याला दिसत नाही, त्यामुळे आरामात पडून काढलेला ईसीजी नॉर्मल आला म्हणजे ब्लॉकेज नाही असं होत नाही, आणि कधी कधी तर अटॅक सुरू असताना पहिला ईसीजी साधा येतो, म्हणून इमर्जन्सीत थोड्या थोड्या वेळाने परत परत काढतात. कागदावर बारीक चौकटी असतात, कागद सेकंदाला २५ मिलिमीटर वेगाने पळतो, तेव्हा एक छोटी चौकट म्हणजे ०.०४ सेकंद आणि एक मोठी ०.२ सेकंद. दोन उंच टोकांमध्ये किती मोठ्या चौकटी आहेत ते मोजा आणि ३०० ला त्याने भागा, चार आल्या तर ठोके मिनिटाला ७५. ६० ते १०० नॉर्मल धरतात. मशीन वर हे आकडे छापतंच. पीआर, म्हणजे वीज वरच्या कप्प्यांतून खालच्या कप्प्यांत पोचायचा वेळ, १२० ते २०० मिलिसेकंद, क्यूआरएस, म्हणजे खालच्या कप्प्यांत वीज पसरायचा वेळ, १२० च्या आत, क्यूटीसी, म्हणजे तिथून ते कप्पे परत तयार होईपर्यंतचा वेळ, साधारण पुरुषांत ४५० आणि बायकांत ४६० पर्यंत. क्यूटीसी ५०० च्या वर छापला असेल तर मात्र मंगळवारची वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून सांगा आणि सोबत चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी द्या, कारण काही अँटिबायोटिक, मनाच्या आजारांवरच्या काही गोळ्या यांनीसुद्धा तो वाढतो.

आणि ते वर इंग्रजीत छापलेलं निदान, ते मशीनने लिहिलंय, माणसाने नाही. बहुतेक कागदांवर तिथेच अनकन्फर्म्ड असं बारीक अक्षरात असतं, म्हणजे डॉक्टरांची सही होईपर्यंत ते कच्चं आहे. मशीनला तुमचं वय आणि रेषा एवढंच कळतं, तुम्हाला काय त्रास होतो हे कळत नाही, तारा कुठे लावल्यात हेही कळत नाही. एसी फुल असेल आणि पेशंट थंडीने कुडकुडत असेल तर रेषा थरथरते. उजव्या-डाव्या हाताच्या तारा अदलाबदल झाल्या तर पहिल्या लीडमध्ये, म्हणजे कागदावरच्या I लिहिलेल्या रेषेत, सगळं उलटं दिसतं. आणि बायकांच्या बाबतीत एक स्पष्ट सांगते, संकोचामुळे कपडे नीट बाजूला केले जात नाहीत आणि छातीवरचे इलेक्ट्रोड दोन बोटं वरच लागतात, मग आर वेव्ह, म्हणजे रेषेतलं उंच टोक, नीट वाढत नाही आणि मशीन जुना अटॅक वाटतोय असं छापून मोकळं होतं. तेव्हा लाजू नका, बाई टेक्निशियन मागा, गाऊन मागा, पण तारा जागच्या जागी लागू द्या.

नॉन-स्पेसिफिक एसटी-टी चेंजेस हे शब्द वाचून घाबरणारे लोक मी रोज बघते. त्याचा अर्थ शब्दशः तेवढाच, रेषेत थोडा फरक आहे आणि तो कशामुळे हे नुसत्या रेषेवरून सांगता येत नाही. जुनं बीपी, रक्तातलं पोटॅशियम, काही गोळ्या, घाबरून जोरजोरात घेतलेला श्वास, आणि हो, ब्लॉकेजसुद्धा, सगळं त्यात बसतं. म्हणून तर पुढची जांच सांगितलीय. राइट बंडल ब्रँच ब्लॉक असं असेल तर त्यातला ब्लॉक म्हणजे नसेतला ब्लॉकेज नाही, विजेच्या वायरीतला अडथळा आहे, तो धडधाकट माणसातही सापडतो. लेफ्ट बंडल असेल आणि आधीच्या ईसीजीत नसेल तर ते डॉक्टरांना लवकर दाखवायचं, आणि सोबत छातीत दुखत असेल तर लगेच इमर्जन्सीला.

टीएमटी म्हणजे पट्ट्यावर चालवणं, इथे प्रश्न वेगळा असतो. हृदयाला जास्त काम पडलं की रक्त पुरतंय का? बहुतेक ठिकाणी ब्रूस प्रोटोकॉल असतो, दर तीन मिनिटांनी वेग आणि चढ वाढतो. लोक फक्त पॉझिटिव्ह (रक्त पुरत नसल्याची खूण दिसली) की निगेटिव्ह एवढंच बघतात, पण कागदात त्याहून खूप जास्त लिहिलेलं असतं. किती मिनिटं चाललात, किती मेट्स (मेहनतीचं माप) झाले, का थांबवलं, चालताना दुखलं का. ठोक्यांचं टार्गेट साधारण २२० वजा वय आणि त्याचे ८५ टक्के, म्हणजे साठ वर्षांच्या माणसाला १३६. तिथवर पोचलाच नाहीत तर निगेटिव्हला फार अर्थ नाही, अशा रिपोर्टवर इनकन्क्लुझिव्ह, म्हणजे ठाम काही सांगता येत नाही, असं लिहितात. मेटोप्रोलॉल, एटेनोलॉलसारखी गोळी चालू असेल तर ठोके चढतच नाहीत, पण म्हणून ती स्वतःच्या मनाने बंद करून यायचं नाही, अचानक बंद केली तर ठोके आणि बीपी उसळतं, आधी डॉक्टरांना विचारा. माझ्याकडे दोन माणसं एकाच दिवशी पॉझिटिव्ह येतात, एकजण दहा मिनिटं चालला, काही दुखलं नाही, शेवटी शेवटी रेषा एक मिलिमीटर खाली गेली आणि बसल्यावर मिनिटभरात वर आली, दुसऱ्याला तिसऱ्याच मिनिटाला छाती दाबून आली, बीपी खाली गेलं आणि मला पट्टा थांबवावा लागला. दोघांच्या कागदावर शब्द एकच, पण दुसऱ्याला आम्ही घरी जाऊच देत नाही. तुमचा रिपोर्ट यातल्या कोणत्या टोकाजवळ आहे ते बघायचं असेल तर मिनिटं आणि थांबवण्याचं कारण, हे दोन बघा. बायकांमध्ये आणि बीपीमुळे हृदयाची भिंत जाड झालेल्यांमध्ये टीएमटी खोटी पॉझिटिव्हसुद्धा बरीच येते.

निगेटिव्ह आली म्हणून नाचायचंही नाही. टीएमटी साधारण मोठा अडथळा पकडते, सत्तर टक्क्यांच्या आसपासचा. तीस-चाळीस टक्क्यांची चरबीची गाठ तिला दिसत नाही आणि ती फुटून गुठळी झाली तर अटॅक येतो. एक काका आठवतात, ईसीजी साधा, म्हणून मुलाने ठरवलं सगळं ठीक आहे, आणि काका रोज जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर थांबायचे ते कुणी विचारातच घेतलं नाही. त्रास खरा असेल तर चांगल्या रिपोर्टपेक्षा त्रासावर विश्वास ठेवा.

टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. याच्यात एका आकड्यावरून घराघरात गोंधळ आहे, ईएफ ६० टक्के. लोकांना वाटतं परीक्षेत ६० मार्क पडले, म्हणजे हृदय ४० टक्के खराब. तसं नाहीये हो! हृदयाचा डावा कप्पा भरतो तेव्हा समजा त्यात १२० मिलिलिटर रक्त आहे आणि एका ठोक्यात ७२ बाहेर ढकललं, तर ईएफ झाला ६०. शंभर टक्के कुणाचंच रिकामं होत नाही, होऊही नये. साधारण ५५ ते ७० चांगलं, ४० च्या खाली आलं तर पंप अशक्त झालाय असं धरतात आणि मधल्यांचं डॉक्टर लक्षणं बघून ठरवतात. शिवाय हा आकडा पुष्कळदा डोळ्यांच्या अंदाजाने देतात, एका ठिकाणी ६०, आठवड्याने दुसऱ्या ठिकाणी ५५, याचा अर्थ आठवड्यात पाच टक्के गेले असा काढू नका, एवढा फरक मशीन आणि बघणाऱ्यामुळे पडतोच. नो आरडब्ल्यूएमए असं लिहिलं असेल तर भिंतीचा प्रत्येक भाग नीट हलतोय, ही चांगली ओळ. पण ती आरामातली आहे, नसांबद्दल ती काही सांगत नाही. ट्रिव्हियल एमआर, माइल्ड टीआर म्हणजे झडपेतून थोडंसं रक्त मागे येतंय, इतकं धडधाकट माणसांतही दिसतं. ग्रेड वन डायस्टॉलिक डिसफंक्शन म्हणजे हृदय सैल पडायला जरा वेळ घेतंय, साठीनंतर आणि बीपीवाल्यांमध्ये हे इतकं नेहमीचं आहे की त्यावर वेगळी गोळी नसते, बीपी नीट ठेवा हाच उपाय. आणि खाली नो पीई, नो क्लॉट लिहिलेलं असतं, त्यातला पीई म्हणजे हृदयाभोवती पाणी, तेही नाही असं ते सांगतायत.

ट्रोपोनिन या रक्ततपासणीबद्दल एकच, पण नीट वाचा. हा हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात येतो, पण यायला काही तास लागतात, म्हणून दुखायला लागल्यावर अर्ध्या तासात काढलेला साधा आला तरी परत काढतात आणि आकडा चढतोय का उतरतोय ते बघतात. एकाच वेळच्या आकड्यावरून घरी बसून काही ठरत नाही, किडनीचा त्रास असलेल्यांचा तो पुष्कळदा कायमच थोडा वर असतो. आणि युनिट बघा! एक लॅब नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर लिहिते, दुसरी नॅनोग्रॅम प्रति लिटर, एकीकडे ०.०१४ आणि दुसरीकडे १४ असेल तर दोन्ही सारखेच आहेत. एका घरात यावरून रात्रभर रडारड झाली होती, हजारपट वाढला म्हणून.

आता वाट बघायच्या दिवसांत करायचं काय. गोळ्या चालू त्या चालू, नवीन काही सुरू नाही, जुनं बंद नाही, कुणी सांगितलेला लसणाचा काढा तर नाहीच. चालावं का, किती चालावं हे फोनवर विचारून घ्या, टीएमटी पॉझिटिव्ह असेल तर विशेष करून. दोन जिने चढून बघू दुखतं का, असं काही लोक घरी करून बघतात, कृपा करून नको, तीच जांच आम्ही डॉक्टर बाजूला उभे ठेवून, शॉक मशीन हाताशी ठेवून करतो ती उगाच नाही.

त्याऐवजी एक वही करा, मुलांची अर्धी कोरी असते ती चालेल. त्रास झाला की लिहायचं: कधी, काय करत होतात, कुठे दुखलं, किती वेळ, कशाने थांबलं. उदाहरण देते, "सकाळी ७.१०, मेघदूत बागेत दुसरी फेरी, छातीच्या मधोमध दाब, बाकावर बसल्यावर ३ मिनिटांत गेलं." दुसरं, "रात्री ९, जेवणानंतर, आडवं पडल्यावर जळजळ, उठून बसल्यावर बरं." डॉक्टरांसाठी या दोन ओळी फार वेगळ्या आहेत, आणि छातीत कसंतरी होतं या वाक्यातून त्यांना यातलं काहीच कळत नाही. बीपी मशीन घरी असेल तर रोज एकाच वेळी, पाच मिनिटं शांत बसून मोजा आणि तेही लिहा. तासातासाला मोजू नका, मोजण्याच्या टेन्शननेच वाढतं.

पुढची जांच अँजिओग्राफी, म्हणजे हृदयाच्या नसांत औषध सोडून काढलेले एक्स-रे, असेल तर आधी विचारायच्या आणि सांगायच्या गोष्टी वहीच्या मागच्या पानावर लिहा. शुगरची मेटफॉर्मिन थांबवायची का आणि कधी हे विचारायचं, आणि रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, पूर्वी कधी सीटी स्कॅनच्या औषधाने अंगावर पुरळ आलं होतं, क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) किती आहे, हे सगळं सांगायचं, कारण अँजिओग्राफीतलं औषध किडनीतून बाहेर पडतं. आधी एचआयव्ही आणि कावीळची रक्ततपासणी लिहून देतात, ती सगळ्यांचीच करतात, तुमच्यावर शंका म्हणून नाही, मागे एका आजींनी त्यावरून दोन दिवस जेवण सोडलं होतं म्हणून मुद्दाम लिहितेय. बहुतेक वेळा मनगटातून करतात, माणूस जागाच असतो, नुसती अँजिओग्राफी साधारण अर्ध्या तासात होते. पण सगळ्यात महत्त्वाचं, ब्लॉकेज दिसला तर त्याच टेबलावर स्टेंट, म्हणजे नस उघडी ठेवणारी जाळी, घालणार की बाहेर येऊन घरच्यांशी बोलणार, हे आदल्या दिवशीच बोलून घ्या. आत पेशंट आणि बाहेर काचेपाशी मुलगा, पाच मिनिटांत सही करा, अशा वेळी कुणाचंच डोकं चालत नाही. खूप तातडी असेल तर गोष्ट वेगळी, पण तारीख देऊन बोलावलेल्या पेशंटला विचारायला वेळ असतो. स्टेंटच्या किमतींवर २०१७ पासून सरकारी मर्यादा आहे, बिलात स्टेंट वेगळा दाखवायला सांगा. घरातलं माणूस सत्तरीच्या पुढचं असेल तर आयुष्मान कार्ड कमाई कितीही असली तरी निघतं, वर्षाला ५ लाखांपर्यंतचं, ते या वाट बघायच्या दिवसांतच काढून घ्या, ॲडमिट झाल्यावर धावपळ नको.

आणि आता मावशींचं. मी जुना ईसीजी विचारला तर म्हणाल्या, "मला कधी हार्टचं काही झालंच नाही, ईसीजी कुठून येणार?" मी म्हटलं, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय ना तुमचं, त्याच्या आधी काढतात. दुसऱ्या दिवशी त्यांच्या सुनेने लोखंडी कपाट उपसलं, त्यात २०१६ ची डोळ्यांची फाइल निघाली आणि तिच्यात घडी घातलेला ईसीजी. डॉक्टरांनी दोन्ही शेजारी ठेवले. त्या जुन्या कागदावरही आर वेव्ह अशाच छोट्या होत्या, काही बदललं नव्हतं. तरी त्यांनी इको करून घेतला, भिंती सगळ्या नीट हलत होत्या, आणि बीपीची गोळी तेवढी वाढवली.

पण तो कागद जवळजवळ पांढरा पडला होता, सुनेने उजेडात धरून मोबाइलवर फोटो काढला तेव्हा कुठे रेषा दिसल्या. ईसीजीचा कागद थर्मल असतो, दुकानातल्या बिलासारखा, उष्णतेने उमटतो आणि हळूहळू उडतो. लॅमिनेशन करायला गेलात तर अख्खा काळा होईल, मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर राहिला तरी तेच. तेव्हा घरात ज्यांचा ज्यांचा ईसीजी असेल, आईचा, सासऱ्यांचा, तुमचा स्वतःचा ऑफिसच्या मेडिकलचा, तो आज संध्याकाळीच शोधून बाहेर काढा, नाव आणि तारीख दिसेल असा फोटो घ्या, एक साधी झेरॉक्स करून फाइलमध्ये सगळ्यात वर लावा, आणि मंगळवारी डॉक्टरांसमोर बसलात की नवीन रिपोर्टच्या आधी तो पुढे करा.